गच्चीचं कुलूप

रत्नागिरीत किंवा चिपळुणात दहा-बारा मजल्यांच्या इमारतीचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही. त्याहून उंच इमारतींचे फलक महामार्गावर जागोजागी दिसतात, आणि त्या फलकांबरोबर एक वादही गावात शिरला आहे. एवढ्या वर आग लागली किंवा खाली पूर आला, तर माणसं उतरवायची कशी? एका बाजूचं ठाम उत्तर असतं की प्रत्येक उंच इमारतीच्या गच्चीवर हेलिपॅड सक्तीचं करा, परदेशात असतंच. दुसरी बाजू तितक्याच ठामपणे सांगते की कोकणात टॉवर हवेत कशाला, बंदीच घाला. नगरपरिषदेच्या पायऱ्यांपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत हा वाद मी ऐकला आहे. दर वेळी वाटतं, दोन्ही बाजू आभाळाकडे बघून भांडताहेत आणि जिन्याकडे कुणी बघतच नाही. माझं मत पहिल्यांदाच सांगतो. निवासी इमारतींच्या गच्चीवर हेलिपॅडची सक्ती करू नये. ती केली तर माणसं वाचतील कमी, आणि ज्यांनी माणसं वाचवण्याची व्यवस्था आजच करायला हवी त्यांना हात झटकायला जागा मिळेल.

हेलिपॅडवाल्यांचा मुद्दा पोकळ नाही, हे आधी मान्य करतो. ब्राझीलमधल्या साओ पावलो शहरात २४ फेब्रुवारी १९७२ रोजी आंद्राउस नावाची बत्तीस मजली इमारत पेटली. तिच्या गच्चीवर हेलिकॉप्टर उतरायची सोय होती. शेकडो माणसं वर गेली, हेलिकॉप्टरनी त्यांना खेपा करून उतरवलं. मृत्यू झाले सोळा, आणि गच्ची नसती तर आकडा कितीतरी पट वाढला असता. लास वेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलला १९८० च्या नोव्हेंबरात आग लागली, तेव्हाही सुमारे तीनशे जणांना गच्चीवरून हेलिकॉप्टरने काढलं. आपल्याकडे २००८ मध्ये कुलाब्याच्या नरिमन हाऊसवर एनएसजीचे जवान हेलिकॉप्टरमधून दोरावर उतरले, ते साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. आणि २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर कोकणात कोण विसरेल? माझे मेहुणे बाजारपेठेत राहतात. पहाटे पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीला होतं, सकाळी पहिल्या मजल्याच्या खिडकीला लागलं. ते, त्यांची आई आणि शेजारची दोन कुटुंबं दिवसभर स्लॅबवर भिजत बसली होती. अशा माणसाने ‘गच्चीवर हेलिकॉप्टर यायला हवं’ म्हटलं, तर त्याला वेड्यात काढायचा मला काय अधिकार?

पण साओ पावलोची गोष्ट इथे संपत नाही. आंद्राउसनंतर दोनच वर्षांनी, १ फेब्रुवारी १९७४ ला, त्याच शहरात जोएल्मा नावाची पंचवीस मजली इमारत पेटली. बाराव्या मजल्यावर एका वातानुकूलन यंत्रात बिघाड झाला आणि आग लागली. इमारतीला जिना एकच, तो इमारतीच्या मधोमध, आणि बघता बघता तो धुराने भरला. आंद्राउसमध्ये गच्चीवर गेलेली माणसं वाचली होती, हे शहरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून इथेही कितीतरी जण वर धावले. वर हेलिकॉप्टर उतरायला जागा नव्हती. छतावर सिमेंटचे पत्रे होते, खालून धूर आणि धग येत होती. हेलिकॉप्टर घिरट्या घालत राहिली, ऐन आगीत त्यांना उतरता आलं नाही. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, त्यातली बरीच वरच. हेलिपॅडवाले यावर म्हणतील, ‘बघा, हेलिपॅड नव्हतं म्हणून गेली.’ मला त्यात दुसरंच दिसतं. जिथे उतरायला दुसरा जिना नव्हता, तिथे वर जायची आशा लोकांना मृत्यूकडे घेऊन गेली. हेलिपॅड असतं तरी त्या धुरात, त्या धगीत हेलिकॉप्टर टिकलं असतं का? तापलेली हवा विरळ होते, विरळ हवेत पात्याला उचल मिळत नाही आणि इंजिनाची ताकदही घटते. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरवर १९९३ च्या बॉम्बस्फोटानंतर पोलिसांच्या हेलिकॉप्टरनी गच्चीवरून काही माणसं काढली होती. २००१ मध्ये त्याच इमारतीत वर गेलेल्यांना गच्चीची दारं बंद मिळाली आणि धुरामुळे एकही माणूस वरून काढता आला नाही. त्यानंतर अमेरिकेच्या नमुना बांधकाम संहितेने अतिउंच कार्यालयी इमारतींसाठी काय सुचवलं? एक जादा जिना. आणि लॉस एंजेलिसने तर १९७४ पासून उंच इमारतींना सपाट माथा आणि हेलिकॉप्टरची जागा सक्तीची केली होती. चाळीस वर्षांनी, २०१४ मध्ये, त्यांनीच ती सक्ती सैल केली.

आता जोएल्माच्या छतावरचे ते पत्रे लक्षात ठेवा आणि रत्नागिरीतली कुठलीही गच्ची आठवा. आपल्याकडे स्लॅब गळतो. तीन-चार पावसाळे झाले की शेवटच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल धरते, सोसायटीची सभा होते आणि गच्चीवर लोखंडी सांगाडा उभारून वर पत्रे चढवले जातात. त्या शेडखाली मग पापड वाळतात, वाढदिवस होतात, गणपतीचं मखर तयार होतं. यात कुणाची चूक नाही, इथला पाऊसच तसा आहे. पण खाऱ्या वाऱ्याने त्या सांगाड्याचे नटबोल्ट पाच वर्षांत बोटाने चुरगळावेत इतके गंजतात. मी स्वतः एक चुरगळून पाहिला आहे, हाताला नुसती तांबडी पूड लागली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरपासून दापोली-हर्णैपर्यंत पत्रे कसे उडाले, ते त्या पट्ट्यातल्या प्रत्येक घराने पाहिलं आहे. हेलिकॉप्टर खाली येताना त्याच्या पात्यांचा झोत असाच असतो. असा एखादा पत्रा सुटून पात्यात गेला तर? वर टाक्या, सोलरचे पाइप, डिशच्या छत्र्या, मोबाइलचा मनोरा, वीज पडू नये म्हणून उभारलेली सळई. या जंगलात वैमानिकाने उतरायचं कुठे?

समजा सगळं साफ आहे, पॅड रंगवलेलं आहे. तरी हिशेब करून बघा. पंधरा मजले, मजल्यावर चार घरं, घरात चार माणसं, म्हणजे दोनशे चाळीस. वर उतरायला जमलं नाही आणि दोराने उचलायचं ठरलं तर एका वेळी दोन माणसं, खेपेला पाच मिनिटं धरली तरी दहा तास. बारा-चौदा माणसं घेणारं हेलिकॉप्टर खरोखर उतरलं, तरी वीस खेपा. आणि ते येणार कुठून? नौदलाचा हेलिकॉप्टरांचा तळ मुंबईत कुलाब्याला आहे. तिथून रत्नागिरी हवाई अंतराने दोनशे किलोमीटरच्या वर, म्हणजे उड्डाण केल्यापासूनच जवळपास तास. रत्नागिरीच्या विमानतळावर तटरक्षक दल आहे हे खरं, पण त्यांचं पहिलं काम समुद्रावर आहे. आग यातल्या कशासाठीही थांबत नाही. बंद खोलीतला सोफा पेटला तर काही मिनिटांत खोली उभी पेटते, आणि बहुतेक माणसं ज्वाळांनी मरत नाहीत, धुराने मरतात. पंधराव्या मजल्यावरून धडधाकट माणूस मोकळ्या जिन्याने दहा मिनिटांच्या आत खाली येतो. कुठलं हेलिकॉप्टर याच्याशी बरोबरी करणार आहे?

त्यात आपला पाऊस. हेलिकॉप्टर, समुद्र आणि पावसाळा यांचं गणित समजायला मुंबई हायची एकच घटना पुरे. २७ जुलै २००५, मुंबई बुडाल्याच्या दुसऱ्या दिवशी, समुद्रात शंभर मैलांवर असलेल्या तेलफलाटाजवळ ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज होतं. जहाजावरच्या एका स्वयंपाक्याच्या बोटांना जखम झाली होती. खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर मिळत नव्हतं, म्हणून त्याला जहाजातूनच फलाटावर चढवायचं ठरलं. तसं करताना जहाज फलाटाच्या वायुवाहिनीवर आदळलं, वायू सुटला आणि सारा फलाट जळून गेला. बावीस माणसं गेली. अशा फलाटांवर हेलिकॉप्टरसाठी डेक असतो, तसा इथेही होता, आणि उभं असलेलं हेलिकॉप्टरही त्या आगीत गेलं. आठ जीवनौकांपैकी दोनच पाण्यात उतरवता आल्या. तरी तीनशेहून अधिक लोक वाचले, ते त्या नौकांमुळे आणि उसळत्या समुद्रात आसपास उभ्या राहिलेल्या जहाजांमुळे. देशातली सर्वांत सराईत हेलिकॉप्टर-सेवा ज्या धंद्याकडे आहे, त्याला जुलै महिन्यात हेलिकॉप्टर मिळालं नाही. ते माझ्या सोसायटीला मिळेल, हे कुणाच्या भरवशावर धरायचं?

जवळची मदत हीच खरी मदत, हे कोकणाला मुंबई हायच्याही आधी कळलेलं आहे. १७ जुलै १९४७ ला रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वाटेत बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर पुरेशी जीवरक्षक साधनं नव्हती, मुंबईला कितीतरी तास पत्ताच नव्हता. ज्यांना बाहेर काढलं गेलं त्यांतल्या बहुतेकांना रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलं. मेहुण्यांच्या स्लॅबवरची माणसंही होडीनेच उतरली. होडी वल्हवणारे दोघे हर्णैचे होते, होडी ट्रकवर घालून आले होते.

पुराचा मुद्दा मात्र मी असा सोडणार नाही, कारण तिथे हेलिकॉप्टरवाल्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे. पुरात इमारत शाबूत असते, वर धूर नसतो, माणसं तासन्‌तास थांबू शकतात. ढग उघडले तर हेलिकॉप्टर अन्न टाकू शकतं, आजारी माणसाला, बाळंतिणीला उचलू शकतं. पण त्याला गोल रंगवलेलं, भार पेलणारं हेलिपॅड लागत नाही. लागते ती मोकळी, पत्रे नसलेली जागा आणि उघडणारं दार. पोचायची सोय शिडीलाही तीच लागते. २२ जुलै २०१९ ला वांद्र्याच्या एमटीएनएलच्या नऊ मजली इमारतीला आग लागली तेव्हा चौऱ्याऐंशी जण गच्चीवर होते. त्यांना अग्निशमन दलाने शिड्यांनी खाली आणलं. म्हणून माझी मागणी अशी आहे: गच्चीचा निदान एक तृतीयांश भाग पत्र्याविना राहील, शेड घालायला परवानगी देताना ती अट लिहून दिली जाईल आणि पावसाळ्याआधी कुणीतरी वर चढून ती पाळली गेली का ते बघेल. कोट्यवधींचं बांधकाम नको, एक माणूस आणि अर्धा तास हवा.

आता दाराकडे येतो. दोन वर्षांपूर्वी पहाटे साडेचारला आमच्या अकरा मजली इमारतीत मीटरच्या खोलीत आग लागली. आग लहानच, वाळूच्या बादल्यांनी विझली. पण धूर विजेच्या डक्टमधून सरळ वर चढला. प्रत्येक मजल्यावर स्लॅबला जिथे केबल भोक पाडून जातात, ती भोकं बुजवायची असतात. आमच्याकडे ती उघडीच होती, त्यामुळे डक्टचं धुराडं झालं. नवव्या मजल्यावरच्या काकू, वय अठ्ठ्याहत्तर, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर काठी घेऊन चालणाऱ्या, धूर पाहून घाबरल्या आणि वर गेल्या. गच्चीच्या दाराला कुलूप होतं. किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी मुंबईला मुलीकडे. मी वर पोचलो तेव्हा काकू शेवटच्या पायरीवर पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. ‘अरे, दार उघडत नाही रे,’ एवढंच त्या म्हणत होत्या. जिन्यात सहाव्या मजल्यावर कुणाचं तरी जुनं लाकडी कपाट उभं होतं, त्याला वळसा घालून त्यांना खाली आणताना माझ्या खांद्याला जी किनार लागली, ती अजून आठवते. दुसऱ्या दिवशी होज पाइपची पेटी उघडली तर आतलं पितळी नोजल गायब. डिझेल पंपाची बॅटरी उतरलेली. आणि आमच्या कार्यालयाच्या भिंतीवर त्याच जानेवारीचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं होतं, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं. ज्या एजन्सीने ते दिलं तिचा माणूस त्या दिवशी पार्किंगच्या पुढे आला नव्हता, हे वॉचमनने मला सांगितलं.

महाराष्ट्राचा अग्निप्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. यंत्रणा सुस्थितीत ठेवायची जबाबदारी तो मालकावर आणि राहणाऱ्यांवर टाकतो, आणि वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून तपासून प्रमाणपत्र द्यायला लावतो. राष्ट्रीय बांधकाम संहिता पंधरा मीटरच्या वरच्या इमारतीला उंच म्हणते, चोवीस मीटरच्या वर आसऱ्याच्या मोकळ्या जागा सांगते. म्हणजे नियम आहेत. ज्यांना वाटतं की आणखी एक नियम, हेलिपॅडचा, केला की आपण सुरक्षित होऊ, त्यांना मला विचारायचं आहे: जे नोजल आपण टिकवू शकलो नाही, तिथे हेलिपॅड कोण टिकवणार? त्याची जाळी, दिवे, फेसाची अग्निशमन यंत्रणा खाऱ्या वाऱ्यात कोण रंगवत बसणार? बंगळूरच्या कार्लटन टॉवर्समध्ये २३ फेब्रुवारी २०१० ला नऊ माणसं गेली. इमारत सातच मजल्यांची होती. बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या आणि माणसांनी खिडक्यांतून उड्या मारल्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं आपल्याकडे म्हणतात ते हेच.

आणि यात एक वाईट सोयही आहे, ती बोलल्याशिवाय राहवत नाही. हेलिपॅड विकता येतं. बांधकाम व्यावसायिकाला ते माहितीपत्रकावर छापता येतं. दुसरा जिना छापता येत नाही, कारण तो प्रत्येक मजल्यावरची विकायची जागा खातो. म्हणून सुरक्षिततेची चर्चा गच्चीवर गेली की जिन्याची रुंदी कुणी मोजत नाही. महाडला २४ ऑगस्ट २०२० ला पाच मजली इमारत कोसळून सोळा माणसं गेली, तेव्हा आपण आठवडाभर खवळलो होतो. नंतर किती गावांत भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी कुणी जिना चढून पाहिला?

याबाबतीत आपले पूर्वज आपल्यापेक्षा शहाणे होते. उंचावर माणसं ठेवायची तर काय लागतं, याचा विचार सह्याद्रीत तीनशे वर्षांपूर्वी झालेला आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गडाला एकच दरवाजा असणं हा मोठा दोष ठरवला आहे. दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या ठेवाव्यात असं ते सांगतात. कुणी म्हणेल, जास्तीच्या दिंड्या चिणून ठेवायलाही त्यांनीच सांगितलं होतं. बरोबर आहे, त्यांना बाहेरून येणाऱ्या शत्रूची भीती होती. पण चिणायची दिंडीसुद्धा आधी बांधलेली असावी लागते. वर पाण्याची टाकी, धान्याचं कोठार, आणि उतरायला एकाहून अधिक वाटा. बाहेरून कुमक येईल या आशेवर गड बांधला जात नसे. आज अठरा मजली इमारतीची आग विझवायचं पाणी टाकीत आहे का आणि ते खाली यायला पंप चालतो का, एवढं पाहणारा हवालदारही आपण नेमलेला नाही.

बंदीवाल्यांचं थोडक्यात. डोंगर कापून, ओढे बुजवून टॉवर उभे करायला माझाही विरोध आहे आणि तो कायम राहील. पण आगीच्या भीतीने उंचीवर बंदी मागणं हा वेगळा मुद्दा झाला. चार मजल्यांवरही कुलूपबंद गच्ची आणि अडवलेला जिना माणसं मारतो. शिवाय मुंबईकडे नव्वद मीटरपर्यंत जाणारी शिडीची गाडी आहे. तशी इथे घेतली तरी ती रामआळीत वळणार कुठे? शिडी पोचणार नाही तिथे आधीच इमारत नीट बांधायची, एवढाच शहाणपणा उरतो, मग मजले सहा असोत वा सोळा.

हेलिकॉप्टर कोकणाला हवं आहे, आणि ते मी हट्टाने मागतो, पण जमिनीवर. अर्धांगवायूचा झटका आलेल्या माणसाला कोल्हापूर किंवा मुंबई गाठायची असते. पावसाळ्यात परशुराम घाटात दरड येते, कुंभार्ली बंद होतो, आंबा घाटात गाड्या अडकतात, आणि ज्या तासांत औषध द्यायचं ते तास रस्त्यात जातात. प्रत्येक तालुक्यात एक मैदान पक्कं करा, दिवे लावा, त्याच्याजवळ रुग्णवाहिका उभी राहील असा रस्ता ठेवा, आणि रुग्णासाठी हेलिकॉप्टर कुणी मागवायचं हे लेखी ठरवा. पुरातही तेच मैदान उपयोगी पडेल. श्रीमंतांच्या इमारतींवर वीस हेलिपॅड बांधण्यापेक्षा, मंडणगडच्या बाईला वेळेवर कोल्हापूर दाखवणारं एक मैदान मला हवं आहे.

आमच्या सोसायटीत कपाट हललं, डक्टची भोकं बुजवली, नोजल नवं आलं. गच्चीच्या दाराला आता आतून दाबलं की उघडणारी कडी आहे आणि किल्ली काचेच्या डबीत दाराशेजारीच असते. काकू महिन्यातून एकदा नवव्या मजल्यावरून माझ्याबरोबर जिन्याने उतरतात. मागच्या वेळी त्यांना चौदा मिनिटं लागली, पहिल्यांदा बावीस लागली होती. पत्र्यांचं मात्र अजून ठरलेलं नाही. अकराव्या मजल्यावरच्या दोन घरांचं म्हणणं आहे की पत्रे काढले तर त्यांचं छत गळेल, आणि ते खरं आहे. म्हणून आधी त्या बाजूच्या स्लॅबचं वॉटरप्रूफिंग सगळ्यांच्या वर्गणीतून करायचं आणि मगच पत्रे उतरवायचे, असा ठराव मी मांडला आहे. सभा येत्या रविवारी सकाळी दहाला आहे, गच्चीवरच, त्या पत्र्यांखाली.